अडीचशे खोकी आणि एक टूलरूम: ‘ड्रॉ अ बॉक्स’ या मोफत शिकवणीचा आढावा

‘ड्रॉ अ बॉक्स’ हे नाव बालवर्गातल्या फळ्यावर लिहिलेल्या सूचनेसारखे वाटते, आणि खरे सांगायचे तर या नावाने चालणारी चित्रकलेची ऑनलाइन शिकवणी विद्यार्थ्याला सुरुवातीचे कित्येक आठवडे त्या सूचनेपलीकडे फारसे काही करूही देत नाही. एक खोके काढा, मग दुसरे काढा, अशी २५० खोकी पुरी करा आणि प्रत्येक खोक्यावर आपली चूक आपणच दुसऱ्या रंगाच्या शाईने दाखवा, असा तिच्या सुरुवातीच्या टप्प्याचा गाभा आहे. ती २५० खोकी मी ४५ कागदांवर, सव्वाचार महिन्यांत पूर्ण केली. ते कागद समोर ठेवूनच हा आढावा लिहीत आहे, कारण अशा शिकवणीविषयी केवळ आठवणीवर विसंबून लिहिले की पहिल्या आठवड्यातला कंटाळा आणि शेवटच्या आठवड्यातला उत्साह या दोहोंपैकी एकच काहीतरी लक्षात राहते.

खोके हा शब्द मी जाणूनबुजून वापरत आहे. शालेय भूमितीत त्याला इष्टिकाचिती म्हणतात, पण सव्वाचार महिने रोज उच्चारण्यासारखा तो शब्द नव्हे. अर्थात २०२२ नंतर महाराष्ट्रात ‘खोके’ हा शब्दही चारचौघांत तितकासा निर्धोक राहिलेला नाही, आणि जेवणाच्या सुट्टीत सहकारी ‘आज किती खोकी झाली?’ असे मला विचारू लागले तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या दोन-तीन माना हटकून वळत असत.

शिकवणीची थोडक्यात माहिती अशी. इर्शाद करीम या कॉन्सेप्ट आर्टिस्टने, म्हणजे गेम-चित्रपटांसाठी कल्पनाचित्रे काढणाऱ्या चित्रकाराने, ती उभी केली असून, अमेरिकेतील पॅसाडीना येथील कॉन्सेप्ट डिझाइन अकॅडमीत पीटर हान यांच्याकडे ‘डायनॅमिक स्केचिंग’ हा अभ्यासक्रम त्यांनी केला आणि त्याच शिकवणीचा पाया येथे घेतला, असे ते स्वतःच मोकळेपणाने सांगतात. धडे लेखी स्वरूपात आहेत, जोडीला चित्रफिती आहेत आणि ते सर्व विनामूल्य आहे. पहिल्या धड्यात रेषा, लंबवर्तुळे आणि खोकी येतात, त्यानंतर २५० खोक्यांचे आव्हान येते आणि मगच पुढचे धडे: वनस्पती, कीटक, प्राणी, रोजच्या वापरातल्या वस्तू, वाहने. म्हणजे खोके हे येथे साध्य नाही. कोणतीही वस्तू आधी साध्या घनाकारांत पाहायची आणि मग त्यावर तपशील चढवायचा, अशी ही पद्धत आहे, आणि खोके हा तिच्यातला पहिला घनाकार.

मी या वाटेला का गेलो हे सांगितल्याशिवाय माझ्या मतांचे वजन वाचकाला कळणार नाही. मी भोसरीतल्या एका टूलरूममध्ये जिग आणि फिक्श्चर, म्हणजे यंत्रावर काम होताना सुटा भाग पकडून ठेवणारी किंवा हत्याराला दिशा देणारी साधने, यांच्या डिझाइनचे काम करतो. शिक्षण मेकॅनिकल डिप्लोमाचे, म्हणजे पहिल्या वर्षी मिनी ड्राफ्टर, गुण्या आणि ड्रॉइंग शीट यांच्याशी झटापट करून ऑर्थोग्राफिक (वस्तू समोरून, वरून आणि बाजूने वेगवेगळी दाखवणाऱ्या सपाट आकृत्या) आणि आयसोमेट्रिक (तिन्ही बाजू एकाच तिरप्या आकृतीत) शिकलेला माणूस. आता सगळे रेखाटन संगणकावर होते, पण यंत्रापाशी उभे राहून फिटरला एखादी गोष्ट समजावताना जॉबकार्डाच्या पाठीमागे हातानेच चित्र काढावे लागते. तशी चित्रे मी वर्षानुवर्षे आयसोमेट्रिकमध्ये काढत आलो. एकदा एका लांब बेसप्लेटचे असे चित्र काढून दिले तेव्हा आमच्या अनुभवी फिटरने ते उलटसुलट न्याहाळले आणि विचारले, “साहेब, ही प्लेट मागच्या बाजूला रुंद घ्यायची आहे का?”

त्यांचे बरोबर होते. आयसोमेट्रिकमध्ये वस्तूच्या समांतर कडा कागदावरही समांतरच राहतात, पण आपल्या डोळ्यांना दूर जाणाऱ्या कडा एकमेकींकडे झुकताना पाहण्याची सवय असते. त्यामुळे लांब वस्तूच्या अशा चित्रात तिचे मागचे टोक फुगल्यासारखे भासते. मोजपट्टी लावली तर चित्र अचूक, आणि डोळ्यांनी पाहिले तर खोटे. ज्या चित्रात दूर जाणाऱ्या कडा डोळ्यांना दिसतात तशाच एकत्र येतात ते यथार्थदर्शन, म्हणजे रोजच्या बोलण्यातले पर्स्पेक्टिव्ह. ते मला शाळेत एलिमेंटरी परीक्षेच्या वस्तुचित्रापुरते ठाऊक होते. आमचे चित्रकलेचे सर टेबलावर पत्र्याचा डबा, तांब्या आणि दोन कांदे मांडून ‘पुढचे मोठे, मागचे लहान’ एवढेच सांगत, आणि त्या बळावर मला ‘ब’ श्रेणी मिळाली होती.

या शिकवणीआधी पुण्यात रविवारी चालणारा एक वर्ग मी करून पाहिला होता. तेथे फळ्यावर क्षितिजरेषा आखली जाई, तिच्यावर दोन लोपबिंदू, म्हणजे दूर जाणाऱ्या रेषा जेथे मिळताना दिसतात ते बिंदू, ठरवले जात आणि मग सगळा वर्ग पट्टी लावून त्या बिंदूंकडे रेषा ओढत असे. तीन रविवारांत माझ्याकडे अकरा निर्दोष खोकी जमली, पण पट्टी काढून घेताच एकही खोके धड येईना. दोष त्या शिक्षकांचा म्हणता येणार नाही, कारण त्यांनी शिकवलेले शास्त्र बरोबरच होते. पण पट्टीने काढलेल्या रेषेत डोळ्याला काही ठरवावेच लागत नाही, ते सगळे बिंदूने आधीच ठरवलेले असते. ‘ड्रॉ अ बॉक्स’चे वेगळेपण मला नेमके याच ठिकाणी जाणवले.

पहिला धडा खोक्यांचा नसून हाताचा आहे. ०.५ मिलिमीटरच्या फाइनलाइनरने, म्हणजे बारीक टोकाच्या शाईच्या पेनने, काम करायचे, पेन्सिल आणि खोडरबर वर्ज्य. रेषा मनगटातून न ओढता खांद्यातून ओढायची. दोन टोकांना ठिपके द्यायचे, कागद आपल्याला सोयीचा फिरवून घ्यायचा, पेन कागदाला न टेकवता दोन-चार वेळा हवेतच तो मार्ग गिरवायचा आणि मग न थांबता एका दमात रेषा मारायची. ती ठिपक्याला चुकली तरी चालेल, पण थरथरलेली चालणार नाही, हा आग्रह पहिल्या पानापासून आहे. सुरुवातीच्या सरावात पट्टीने एक रेषा आखून तिच्यावरून हाताने आठ वेळा रेषा ओढायची असते, आणि आपला हात किती डळमळतो हे त्या एकाच कागदावर कळते. वीस वर्षे ड्रॉइंग या विषयावर पगार घेणाऱ्या माणसाला ते पाहणे फारसे सुखाचे नव्हते. माझ्या आठ रेषा उजव्या टोकाला गवताच्या पेंढीसारख्या सुटल्या होत्या.

साहित्याचा खर्च किरकोळ आहे, तरी एक सूचना करतो. कागद छपाईचा साधा ए-४ चालतो, मात्र अगदी पातळ घेतला तर शाई फुटते आणि रेषेची कड लवेसारखी होते. फाइनलाइनरला शंभराच्या आसपास रुपये मोजावे लागतात, आणि दाबून लिहिण्याची सवय असलेल्यांचे टोक पंधरा दिवसांत आत बसते. माझी पहिली दोन पेने अशीच गेली. अप्पा बळवंत चौकात एकदम चार घेतली ती शेवटपर्यंत पुरली. चुका दाखवण्यासाठी मात्र महाग पेन वाया घालवू नये, लाल बॉलपेन पुरेसे आहे.

रेषा आणि लंबवर्तुळे झाल्यावर खोक्यांचे चार सराव येतात आणि त्यांचा क्रम विचारपूर्वक लावलेला आहे. पहिल्यात पट्टीने, दोन लोपबिंदू आखून, शास्त्रशुद्ध खोकी काढायची. म्हणजे माझ्या रविवारच्या वर्गाचे तीन आठवडे येथे एका कागदात आटोपतात. दुसऱ्यात एक लोपबिंदू दिलेला असतो, पण रेषा हातानेच ओढायच्या आणि नंतर पट्टी लावून त्या खरोखर कोठे जायला हव्या होत्या ते दुसऱ्या रंगाने तपासायचे. तिसऱ्यात मध्यभागी एक खोके ठेवून त्याच्या चहूबाजूंनी क्रमाक्रमाने वळत जाणारी खोकी रचायची असतात. हा सराव अवघड आहे, तो साधेल अशी अपेक्षाही नाही, फक्त पूर्ण करा, असे तेथे स्पष्ट सांगितलेले आहे, आणि मला त्या सांगण्याचा मोठा आधार वाटला. खोके जागच्या जागी वळले की त्याचे लोपबिंदूही सरकतात, ही गोष्ट पुस्तकी व्याख्येतून माझ्या डोक्यात कधी शिरली नव्हती. पंचवीस खोक्यांच्या त्या गर्दीत शेजारच्या खोक्याच्या कडेला बिलगून पुढची कड ओढताना ती हाताला समजली. चौथा सराव, एका वळणदार मार्गावरून लहानापासून मोठ्यापर्यंत वाहत येणाऱ्या खोक्यांचा, दिसायला सुंदर आणि तुलनेने सोपा आहे.

मग येते २५० खोक्यांचे आव्हान, आणि या आढाव्याचा खरा विषय तोच आहे. येथे क्षितिजरेषा नाही, लोपबिंदू आखलेला नाही, पट्टीही नाही. कोऱ्या कागदावर इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारख्या तीन रेषा काढायच्या. त्या जेथे मिळतात तो खोक्याचा आपल्याकडे आलेला कोपरा. त्या तिन्ही रेषांमधला प्रत्येक कोन ९० अंशांहून मोठा ठेवायचा, एवढेच बंधन. मग त्या तीन कडांना समांतर असणाऱ्या बाकीच्या कडा अंदाजाने काढत जायचे, तेही प्रत्येक कड किंचित आत झुकवत. मागच्या, प्रत्यक्षात न दिसणाऱ्या कडाही काढायच्या, म्हणजे खोके काचेचे आहे असे समजायचे. एका कागदावर पाच-सहा खोकी झाली की लाल पेन घ्यायचे आणि प्रत्येक कड आपल्यापासून दूर जाणाऱ्या दिशेने पुढे वाढवायची. खोक्याला बारा कडा असतात आणि त्यांचे चार-चारांचे तीन गट पडतात; प्रत्येक गटातल्या चारही लाल रेषा पुढे एका बिंदूकडे जाताना दिसल्या पाहिजेत.

त्या दिसत नाहीत. माझ्या पहिल्या तीस खोक्यांत एका गटातल्या दोन रेषा जेमतेम तीन सेंटिमीटरवर एकमेकींना छेदून गेल्या होत्या आणि उरलेल्या दोन समांतर धावत होत्या. काही ठिकाणी तर रेषा दूर जाताना एकमेकींपासून फाकत होत्या, म्हणजे फिटरने दाखवलेली तीच फुगलेली प्लेट. पट्टीने काढलेल्या खोक्यात चूक लपते आणि नुसत्या हाताने काढलेल्या खोक्यात ती ‘काहीतरी बिघडले आहे’ एवढ्या संदिग्ध रूपात जाणवते, पण लाल रेषा ती कोणत्या कडेत, किती आणि कोणत्या दिशेला आहे हे नेमके दाखवतात. कारखान्याच्या भाषेत सांगायचे तर हा प्रत्येक नगामागे केलेला इन्स्पेक्शन रिपोर्ट आहे. २५० खोक्यांच्या ३००० कडा आणि तेवढ्याच लाल रेषा, आणि प्रत्येक कागदानंतर पुढच्या कागदासाठी एक ठोस दुरुस्ती. मोफत मिळणाऱ्या या शिकवणीतली सर्वांत मौल्यवान गोष्ट कोणती असे विचारले तर मी धड्यांकडे बोट न दाखवता त्या लाल रेषांकडे दाखवीन.

सुमारे चाळिसाव्या खोक्यापर्यंत मी एक चूक करत होतो ती येथे नोंदवतो, कारण ती बऱ्याच जणांकडून होते. मी लाल रेषा चुकीच्या दिशेने, म्हणजे प्रेक्षकाकडे वाढवत होतो आणि त्या एकत्र येत आहेत हे पाहून खूशही होत होतो. तिथल्या विद्यार्थी-समुदायात कागद टाकले तेव्हा कोणा दूरदेशीच्या शिकणाऱ्याने एका वाक्यात ते लक्षात आणून दिले. प्रत्येक खोक्याच्या पुढच्या बाजूवर तिरप्या रेषांची छटा द्या, ही धड्यातली सूचना मी सजावट समजून टाळली होती, तिचे प्रयोजन तेव्हा कळले. काचेच्या खोक्यात कोणती बाजू पुढची आणि कोणती मागची हे डोळ्याला ठामपणे ठरवता येत नाही आणि पाहता पाहता खोके आतबाहेर उलटते. स्फटिकांचा अभ्यास करणाऱ्या नेकर या स्विस शास्त्रज्ञाने १८३२ मध्ये हा भ्रम नोंदवला होता. छटा दिली की उलटापालट थांबते आणि लाल रेषेची दिशाही चुकत नाही.

दुसरा मोठा अडसर मागच्या कोपऱ्याचा. पुढचे सात कोपरे जागेवर बसले की आठव्या, सर्वांत मागच्या कोपऱ्यात तीन कडा एका बिंदूत मिळायला हव्यात. प्रत्यक्षात त्या तीन वेगवेगळ्या ठिकाणी एकमेकींना छेदून एक इवलासा त्रिकोण करतात. आधीच्या नऊ कडांतली प्रत्येक बारीकशी चूक त्या कोपऱ्यात येऊन साठते. आमच्याकडे जुळणीत प्रत्येक भाग टॉलरन्समध्ये, म्हणजे मापातल्या फरकाच्या मान्य मर्यादेत, असूनही शेवटची पिन बसत नाही तेव्हा जे होते, तेच येथे होते. तो त्रिकोण जुळवण्यासाठी शेवटच्या कडांना ओढाताण करून काही साधत नाही, हे समजायला मला शंभर खोकी लागली. उपाय आधीच्या कडांत असतो, आणि तो असा की नवी कड ओढताना शेजारच्या एकाच कडेकडे न पाहता गटातल्या चौघींचा एकत्र विचार करायचा. या चौघींपैकी बाहेरच्या दोघी एकमेकींशी बऱ्यापैकी कोन करतात, तर मधल्या दोघी, म्हणजे आपल्याजवळच्या कोपऱ्यातून निघणारी आणि सर्वांत मागच्या कोपऱ्याकडे जाणारी, एकमेकींच्या इतक्या जवळून जातात की त्या जवळजवळ समांतर दिसायला हव्यात. ही एक गोष्ट ध्यानात ठेवल्यावर माझा मागचा कोपरा दोन-तीन कागदांतच सुधारला.

माझ्यासारख्या ड्राफ्टरवर वाढलेल्या माणसाची अडचण आणखी वेगळी आहे, आणि ती मला कोठे लिहिलेली आढळली नाही. ‘वाय’ काढताना माझा हात आपोआप तिन्ही कोन १२० अंशांचे ठेवत होता, म्हणजे नकळत आयसोमेट्रिक. त्यात घनाचा सर्वांत मागचा कोपरा नेमका पुढच्या कोपऱ्याच्या मागे दडतो आणि काचेचा घन काढला तरी दोन्ही एकाच बिंदूवर येतात. म्हणजे मागचा कोपरा कोठे असतो हा प्रश्न वीस वर्षांत मला कधी पडलाच नव्हता! ही सवय मोडण्यासाठी मी काही दिवस पहिली रेषा डोळे मिटून मारली आणि ती जशी पडेल तशी स्वीकारून उरलेल्या दोन काढल्या. शिकवणीत ही युक्ती नाही, पण डिप्लोमावाल्यांना ती उपयोगी पडेल.

शंभर-दीडशे खोक्यांनंतर लक्ष चुकांवरून निवडीवर जाते. कडा वेगाने एकत्र आणल्या तर खोके प्रचंड किंवा अगदी डोळ्यांजवळ आल्यासारखे वाटते, आणि सावकाश आणल्या तर लहान किंवा दूरचे. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजाखाली उभे राहून वर पाहिले की कडा झपाट्याने आकसतात, पण टेबलावरच्या काडेपेटीच्या कडा जेमतेम झुकलेल्या दिसतात. काडेपेटी दरवाजाच्या हिशेबाने काढली तर ती कागदावर गोदाम होऊन बसते. माझ्या फिक्श्चरांची चित्रे आता काडेपेटीच्या बाजूने झुकतात, आणि तसेच असायला हवे.

येथे एक विषयांतर करतो. या दिवसांत अजिंठ्याला जाणे झाले आणि तेथल्या भित्तिचित्रांत खडक चौकोनी ठोकळ्यांसारखे, एकावर एक बाहेर आलेले रंगवले आहेत, तिकडे प्रथमच नीट पाहिले. त्यांच्या कडा एका बिंदूकडे जात नाहीत, आणि मनातल्या मनात लाल रेषा वाढवून पाहिल्या तर ते सगळे ठोकळे या शिकवणीत नापास होतील. तरीही ते भिंतीतून पुढे आलेले दिसतात. एका जागी खिळलेल्या एका डोळ्याला जसे दिसते तसे काढणे हा जग कागदावर आणण्याचा एक मार्ग आहे, एकमेव नव्हे. गुंफेत चालत चालत चित्र पाहणाऱ्याला त्याची गरजही नसावी. शिकवणीत याची चर्चा नाही, आणि ती असावी अशी अपेक्षाही करता येत नाही, पण मनात खोक्यांचा चष्मा बसलेल्या विद्यार्थ्याने एकदा वेरूळ-अजिंठा करून यावे.

कंटाळ्याविषयी प्रामाणिकपणे सांगायला हवे. ८० ते १२० या टप्प्यात मला खोक्यांचा उबग आला होता. शिकवणीने यावर ‘पन्नास टक्के’ नावाचा नियम घालून दिला आहे: चित्रकलेसाठी जेवढा वेळ काढाल त्यातला निदान अर्धा वेळ सराव सोडून मनाला येईल ते काढण्यात घालवायचा, ते कितीही वाईट आले तरी. मी हा नियम सुरुवातीला पाळला नाही, कारण आधी खोकी नीट येऊ द्यात मग चित्रे काढू, असा माझा हिशेब होता. तो चुकीचा होता. शंभराव्या खोक्यानंतर रविवारी सकाळी गॅलरीतून दिसणाऱ्या पाण्याच्या टाक्या, जिने आणि टपऱ्या काढू लागलो तेव्हा उबग ओसरला, आणि टपरीचे छप्पर हे एक दबलेले खोके आहे हे दिसू लागले. नियम चांगला आहे, पण तो सर्वांत आधी, शून्य क्रमांकाच्या धड्यात येतो, जेथे शिकणारा घाईने पुढे जाण्याच्या मनःस्थितीत असतो. तो आव्हानाच्या मध्यावर पुन्हा ठणकावून सांगायला हवा होता, असे माझे मत आहे. तीच तीच पाने बिनचूक होईपर्यंत घोटत बसू नका, दिलेला गृहपाठ एकदा करून पुढे जा आणि जुने सराव रोज बसताना दहा-पंधरा मिनिटे हात मोकळा करण्यासाठी वापरा, ही सूचना मात्र योग्य ठिकाणी आहे आणि पाठांतरावर वाढलेल्या आपल्यासारख्यांना ती विशेष लागू पडते.

गृहपाठ तपासून घेण्याचे दोन मार्ग आहेत. विद्यार्थी-समुदायाकडून विनामूल्य अभिप्राय मिळतो. शुल्क भरणाऱ्यांना अधिकृत तपासणी मिळते. मी पहिलाच मार्ग घेतला, त्यामुळे दुसऱ्याविषयी मत देत नाही. समुदायातले अभिप्राय देणारे बहुतेक जण आपल्यापेक्षा दोन-तीन धडेच पुढे असतात, म्हणून खोक्यांच्या टप्प्यावर त्यांचे सांगणे नेमके असते. पुढच्या धड्यांत, जेथे चुकीला लाल रेषेसारखी मोजपट्टी नाही, तेथे जाणकार नजरेची किंमत मोजावी लागली तर ती वावगी वाटणार नाही.

आता उणिवा. पहिली भाषेची. धडे इंग्रजीत आहेत आणि लेखकाचा हात सढळ आहे. जे एका चित्रात कळते त्याला चार परिच्छेद येतात. एलिमेंटरीच्या तयारीतल्या मुलाला हे एकट्याने वाचायला दिले तर तो दुसऱ्या पानावर उठेल. घरातल्या मोठ्यांनी आधी वाचून त्याला तोंडी सांगावे. माझ्या आठवीतल्या पुतणीने तसे तोंडी सांगितल्यावर रेषांचा सराव माझ्याहून झटपट उचलला. दुसरी उणीव प्रमाणाची. आव्हानातली खोकी कोणत्याही लांबी-रुंदीची चालतात, तपासणी फक्त कडांच्या झुकावाची होते. त्यामुळे २५० खोकी काढूनही खराखुरा घन, म्हणजे सहाही बाजू चौरस असलेला ठोकळा, काढता येईल याची खात्री नसते. त्याची सोय पुढे २५० वृत्तचितींच्या आव्हानात आहे. त्यातल्या १५० मोकळ्या आणि १०० खोक्यात बसवायच्या असतात. टोकाच्या बाजूत लंबवर्तुळ नीट बसले नाही तर ती बाजू चौरस नाही हे उघडे पडते. योजना हुशारीची आहे, पण ज्याला खोक्यांवरच थांबायचे आहे त्याला हे आधी कळायला हवे. तिसरी गोष्ट उणीव म्हणावी की मर्यादा हे ज्याचे त्याने ठरवावे: प्लॅन आणि एलेव्हेशनवरून (वरून आणि समोरून पाहिलेल्या आराखड्यांवरून) मोजून पर्स्पेक्टिव्ह उभारण्याची वास्तुविशारदांची रीत येथे शिकवली जात नाही. इंटिरियरचे चित्र ग्राहकापुढे ठेवायचे असेल तर दुसरीकडे जावे.

शिकवणी कोणासाठी, असे कोणी विचारले तर माझे उत्तर साधे आहे. ज्याला महिनाभरात व्यक्तिचित्र काढून भिंतीवर लावायचे आहे त्याने येथे येऊ नये. ज्याला रोज अर्धा तास, कोणी वाहवा न करता, आपल्याच चुका मोजत बसण्याची तयारी आहे, मग तो कला महाविद्यालयाच्या प्रवेशाची तयारी करणारा असो, गेमिंग किंवा अ‍ॅनिमेशनकडे वळू पाहणारा असो की माझ्यासारखा चाळिशी ओलांडलेला कारखान्यातला माणूस, त्याला एवढ्या कमी खर्चात यापेक्षा चोख सुरुवात मला तरी माहीत नाही.

जॉबकार्डामागचे माझे चित्र आता मागच्या बाजूला फुगत नाही. गेल्या आठवड्यात एका ड्रिल जिगचे चित्र काढून दिले तेव्हा आमच्या फिटरने ते पाहून मान डोलावली, सवयीने खिशातली सहा इंची स्टील रूल काढली, एका कडेला लावली, पुन्हा दुसरीला लावली आणि म्हणाले, “दिसतंय झकास, पण साहेब, आता यावरून माप घेता येत नाही.” आयसोमेट्रिकवरून ते घेता येत असे. त्यामुळे सध्या कागदाच्या डाव्या बाजूला खोके आणि उजव्या बाजूला मापांसह ऑर्थोग्राफिक, अशी तडजोड चालू आहे. वृत्तचिती अकरा झाल्या आहेत.